पिछाडी कोणी राखावी?

शास्त्रपाठ : गणना १०:११-२८, अनुवाद २५:१७-१८



बेळगावच्या दक्षिणेस येळ्ळूरजवळ राजहंसगड आहे. गेल्या नाताळानंतरच्या शनिवारी आमचा तरुण संघ गडाच्या पायथ्याच्या पायवाटेने संध्याकाळी धावायला निघाला. मी धरून चौदा जण. माझे वय सेहेचाळीस, पण रोज धावण्याची सवय. म्हणून पुढारीपण माझ्याकडे आले. खरे सांगायचे तर ते मी दुसऱ्या कोणाला घेऊच दिले नाही.

भात कापून झालेल्या शेतांत मसूर उगवला होता. वारा गार होता. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुढच्या अर्ध्या तासात पायाखालचा दगड दिसेनासा होतो. अंधार पडू लागला की पाय आपोआप घाई करतात. काहींच्या कपाळाला दिवे होते, काहींच्या हातात मोबाइलचे. उतार लागला तसे कोणीतरी गीत धरले आणि सर्वांनी ते उचलले.

खाली रस्त्यावर आल्यावर मी डोकी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच.

आठवीतला एक मुलगा नव्हता. आम्ही चौघे परत फिरलो. वीसेक मिनिटांनी तो वाटेकडेच्या दगडावर बसलेला सापडला. पाय मुरगळला होता, मोबाइल बंद पडला होता. मी रागावणार, इतक्यात तो म्हणाला, "काका, तुमचे दिवे मला दिसत होते. मी हाकाही मारल्या. पण तुम्ही सगळे गात होता."

त्या रात्री मला झोप आली नाही. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील धावेवर मी कितीदा तरी बोललो आहे. भार टाकण्याविषयी, धीराविषयी. पण त्याच्या लगेच आधी, अकराव्याच्या शेवटच्या वचनात, पूर्वीच्या विश्वासवीरांनाही आपल्यावाचून पूर्णत्व नाही असे म्हटले आहे, त्यावर मी कधी थांबलो नव्हतो. हाबेल पुढे पोहोचला आहे, आणि तोही खोळंबला आहे!

मग मी गणना उघडले. रानातून कूच होई तेव्हा यहूदाची छावणी पुढे असे. मोजदादीप्रमाणे १,८६,४०० लढाऊ पुरुष, सर्वांत मोठी. सर्वांत मागे दानाची छावणी, १,५७,६००. चार छावण्यांत आकाराने ती दुसरी. म्हणजे पिछाडीस उरलेसुरले लोक ठेवले नव्हते. तेथे बळ ठेवले होते, कारण थकलेले तेथेच असतात. अमालेकालाही ते ठाऊक होते. त्याने मागे पडलेल्या अशक्तांना मारले. निर्गमच्या सतराव्या अध्यायात त्या लढाईची हकीकत आहे, पण मागच्यांचे काय झाले हे तेथे नाही. ते मोशे अनुवादात सांगतो, जवळजवळ चाळीस वर्षांनी. काही गोष्टी ओठांवर यायला वेळ लागतो.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा ईस्टरपासून उपासनेला आल्या नव्हत्या. पंचांच्या सभेत त्यांची वर्गणी थकल्याची नोंद झाली. त्या का येत नाहीत, हे कोणी विचारले नाही. त्या सभेत मीही होतो. चहा घेतला आणि घरी आलो.

त्या मुलाच्या हाकेनंतरच्या मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो. घर चर्चच्या मागच्याच गल्लीत. दार उघडायला बराच वेळ लागला. गुडघ्यांनी पायऱ्या चढवत नाहीत, असे त्या म्हणाल्या. निरोप का नाही पाठवला, असे मी विचारले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं गाणं इथवर छान ऐकू येतं हो."

चर्चला पायऱ्या पाच आहेत. या रविवारी तरुण संघातील मुले खुर्ची घेऊन त्यांना आणायला जाणार आहेत. आठवीतला तो मुलगाही जाणार म्हणतो. त्याचा पाय आता बरा आहे.