सौम्य रहस्यकथेचा वाचक आणि कर्मफळ

सौम्य रहस्यकथेत खून होतो, पण रक्त दिसत नाही. गाव लहान असते, माणसे एकमेकांना ओळखतात, छडा लावणारी व्यक्ती बहुधा पोलिसांतली नसते आणि अखेरीस गुन्हेगार सापडतोच. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० च्या पहिल्या कादंबरीत अशाच खेड्यात भेटते. अशा कथांचा वाचक हिंसेचा भोक्ता नव्हे. मग त्याला समाधान कशाचे मिळते?

अशा कथांचे व्यसन असलेले कवी ऑडेन यांनी १९४८ साली ख्रिस्ती धर्मविचारातले उत्तर दिले. वाचकाला पापाची बोच असते. दोष एकावर निश्चित झाला की बाकीचे, आणि वाचकही, निर्दोष ठरल्यासारखे वाटते. मूळ पापाची कल्पना नसलेल्या वाचकाला मात्र हे उत्तर पुरत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचा झुंजार आणि काळा पहाड घरोघर वाचणारा बहुतांश मराठी समाज कर्मसिद्धान्तात वाढलेला. केलेले कर्म फळल्याशिवाय राहत नाही, तर छडा लावायचाच कशाला?

कारण फळ पुढच्या जन्मावरही जाऊ शकते. तेव्हा भोगणाऱ्याला आपला अपराध आठवत नाही आणि ज्याचे वाटोळे झाले तो पाहायला नसतो. हिशेब चुकता होतो, पण चारचौघांत वाचला जात नाही. रहस्यकथेच्या वाचकाला हे वाचन हवे असते, आणि ही मागणी रास्त आहे. कर्मसिद्धान्त फळाची हमी देतो, साक्षीची नाही.

हीच मागणी पुस्तकाबाहेरही दिसते. गोंदिया जिल्हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा भाग. धान निघाल्यावर इथल्या गावांत रात्रभर नाटके रंगतात. ती रहस्यकथा नव्हेत. तरी खलनायकाचे कारस्थान उघडे पडते ते भरल्या मंडपात, सगळ्या गावादेखत.

फरक शोकाचा आहे. सौम्य रहस्यकथेत मेलेला माणूस बहुधा कुणाला नकोसाच असतो, म्हणजे वाचकाला त्याच्यासाठी थांबावे लागत नाही. हा त्या प्रकारातला खरा नैतिक उणेपणा. झाडीपट्टीच्या नाटकात दुःखाला गाण्यासकट वेळ दिला जातो. तिथला प्रेक्षक न्याय पाहतो, आणि गेलेल्यासाठी रडतोही.