माणसाळणं कुणाचं?

पिल्लू घरी आलं त्या संध्याकाळी ते खोक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. राखाडी अंग, गालांवर फिकट केशरी ठिपके, डोक्यावरचा तुरा ताठ उभा. मी झाकण उघडलं तशी त्याने मान मागे घेतली, चोच उघडली आणि फिस्स करून फुत्कार टाकला. शेजारच्या काकू कौतुकाने बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हातात धर गं, कुरवाळ. दोन दिवसांत माणसाळेल बघ."

मी हातात धरलं नाही. पण काकूंचा तो शब्द मात्र डोक्यात राहिला. माणसाळणं. आपण हा शब्द किती सहज वापरतो. त्यात सगळी चाल प्राण्याने करायची असते. तो रानातून, भीतीतून, त्याच्या त्याच्या जगातून निघून आपल्याकडे येतो, आणि आपण आपल्या जागी बसून त्याची वाट बघतो. गेल्या चार महिन्यांत मला वाटायला लागलंय की हा शब्द अर्धंच सांगतो.

कॉकटिएल हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, काकाकुआंच्या कुळातला सगळ्यात लहान. आपल्याकडे दुकानांत त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. त्या देशाच्या आतल्या कोरड्या, उघड्या मुलखात हे पक्षी थव्याने हिंडतात. पाऊस जिकडे, गवताचं बी जिकडे, तिकडे थवा. पाण्याजवळच्या झाडांच्या ढोलीत घरटं करतात. अंडी उबवायला नर आणि मादी दोघंही बसतात, साधारणपणे दिवसा तो आणि रात्री ती, जवळजवळ तीन आठवडे. म्हणजे उघड्या माळावर कुणाच्या तरी तोंडचा घास असलेला हा जीव. त्याला वाचवते ती दोन्ही बाजूंना असलेली नजर, आणि थवा.

हे समजून घेतलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या अंगात मुरलेल्या स्मृतीत घारीची सावली. समोरून रोखून बघणं म्हणजे शिकाऱ्याची नजर. आपण ज्याला माया म्हणतो त्या सगळ्या हालचाली, झुकणं, कवेत घेणं, मुठीत धरणं, त्याच्या भाषेत पकडलं जाण्याच्या आहेत. म्हणून पहिले तीन दिवस मी फक्त पिंजऱ्यापासून चार हातांवर, थोडी तिरकी बसून, हळू आवाजात वर्तमानपत्र वाचत राहिले. चौथ्या दिवशी माझ्यासमोर त्याने पहिला दाणा फोडला.

त्याचं नाव आम्ही राळा ठेवलं, कारण आमच्यातला पहिला पूल राळ्याच्या कणसाचाच होता. आमच्या पणजीच्या वेळी ताटात असलेलं हे धान्य या पाखरांना जीव की प्राण असतं. कणीस आधी गजांतून आत, मग पिंजऱ्याच्या दारात, मग माझ्या तळव्यावर. अकराव्या दिवशी एक पाय माझ्या बोटावर आला. दुसरा पाय काठीवरच होता. तो तसाच ताणलेल्या पायांनी दाणे टिपत राहिला, आणि मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. बोटावरचा तो पाय कोमट होता आणि नखं सुईसारखी. (मी 'तो' लिहिते आहे खरी, पण राखाडी पिल्लांमध्ये नर की मादी हे पहिली पिसं झडून नवी येईपर्यंत नजरेने कळत नाही. मराठीत 'ते पिल्लू' म्हणायची सोय आहे हे किती बरं.)

या सगळ्याआधी बदलावं लागलं ते घराला. आपल्या घरात उडत्या पाखराचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे छताचा पंखा. आता दिवाणखान्याच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी घरातला प्रत्येकजण वर बघतो. खिडक्यांना जाळ्या बसल्या. नॉनस्टिकचे तवे आणि कढया गेल्या, कारण ते भांडं फार तापलं की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला कळण्याआधी पक्ष्याचा जीव घेतो. हवा शोषून घ्यायला पक्ष्याची फुप्फुसं फार तरबेज असतात, म्हणून विषही तितक्याच वेगाने भिनतं. डासांची कॉइल बंद झाली, देवापुढची उदबत्ती दुसऱ्या खोलीत गेली. सासूबाईंना हे सांगताना मला अवघड वाटत होतं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "देवाला फूल पुरतं."

पिल्लू शोधत असताना एका दुकानात मला तीन आठवड्यांची पिल्लं दाखवली होती. अंगावर नुसते कोंब, पिसं अजून नळ्यांत मिटलेली. "हीच न्या," विक्रेता म्हणाला, "सिरिंजने पेज भरवा, तुम्हालाच आई समजेल." हे मी आजही विसरू शकत नाही. ती पेज चाळीस अंशांच्या आसपास असावी लागते. जास्त गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, थंड झाली तर अन्न तिथेच साचून आंबतं, आणि घास चुकून श्वासनळीत गेला तर पिल्लू हातातच जातं. जाणत्या, सवयीच्या हातांचं हे काम नवख्या माणसाच्या गळ्यात मारायचं आणि त्याला प्रेमाचं नाव द्यायचं, यात मला मोठा अपराध दिसतो. स्वतःच्या चोचीने पोट भरायला या पिल्लांना आठ-दहा आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. तोवर त्यांची जागा आईबापांपाशी, भावंडांच्या गर्दीत. शिवाय जे पिल्लू भुकेपायी माझ्याकडे झेपावतं त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. त्याला विश्वास कसा म्हणायचा? राळा दहा आठवड्यांचा झाल्यावर आला, दाणे फोडत, आणि मला फुत्कारत. तो फुत्कार त्याचा हक्क होता.

पंख छाटण्याबद्दलही तेच. "थोडे कापून देतो, हाताशी राहील," असं तिथेच ऐकलं होतं. पण ज्याला उडून जाताच येत नाही ते आपल्यापाशी बसलं तर त्यात त्याचा कौल कुठे आला? राळ्याचे पंख शाबूत आहेत. तो कपाटावर जातो, पडद्याच्या दांडीवर जातो, कधीकधी तासभर येतच नाही. मग येतो. मी जी वाट बघते तिला अर्थ आहे, तो त्याला न येण्याची मुभा असल्यामुळे.

माझ्या आजोळी पडवीत गोल पिंजऱ्यात एक हिरवा पोपट होता. त्याला पेरू मिळे, भिजवलेली डाळ मिळे, येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला मिठू मिठू करी. त्याच्यावर सगळ्यांचा जीव होता, हे मी शपथेवर सांगेन. आणि त्या पिंजऱ्यात त्याला दोन्ही पंख एका वेळी पसरता येत नव्हते, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यानुसार आपल्या रानातला पोपट पाळणं आज गुन्हा आहे, आणि तसाच असायला हवा. त्याचं रान इथेच बाहेर, चिंचेवर, वडावर होतं. ते आम्ही त्याच्यापासून तोडलं होतं.

राळ्याचं तसं नाही, आणि इथे माझी बुद्धी अडते. परवा एक पाहुणे म्हणाले, "खिडकी उघडून सोडून द्या, पुण्य लागेल." त्यांच्या मनात दयाच होती. पण ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० साली बंद केली. आज आपल्याकडे मिळणारी ही पाखरं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची लेकरं आहेत. आमच्या खिडकीबाहेर त्याचा थवा नाही, त्याचं गवत नाही. कावळे आहेत, घारी आहेत, मांजरं आहेत. त्याला सोडणं म्हणजे मारणं. मग त्याचं स्वातंत्र्य कुठे आहे? ज्याचं रान माणसाने कित्येक पिढ्यांपूर्वी मागे टाकलं, त्याला मी ते परत देऊ शकत नाही. अशा पाखरांना जन्मालाच घालू नये, असं कुणी म्हटलं तर मला पटकन उत्तर सुचत नाही. पण जन्मलेलं समोर आहे. त्याला मी थव्याची जागा देऊ शकते, आणि ती रोज द्यावी लागते.

थव्यातला पक्षी नजरेआड झाला की दुसरा शीळ घालतो. मी स्वयंपाकघरात गेले की राळा एक तीव्र, चढती शीळ घालतो, दोनदा. सुरुवातीला मला तो हट्ट वाटला. नंतर कळलं, तो विचारतोय, आहेस ना? आता पोळी लाटता लाटता मीही शीळ घालते, आणि तो गप्प होतो, दाणे फोडू लागतो. लहानपणी आई मागच्या अंगणातून उगीचच हाक मारायची. "काय गं?" म्हटलं की म्हणायची, "काही नाही."

रात्री मात्र शीळ पुरत नाही. ही पाखरं अंधारात दचकून उठतात. एकदा दोन वाजता पिंजऱ्यात नुसती फडफड झाली, सकाळी तळाशी शेपटीचं एक लांब पीस आणि गजावर रक्ताचा ठिपका. तेव्हापासून कोपऱ्यात बारीक दिवा असतो. झोपण्याआधी तो एका पायावर बसून चोच चोचीवर करकर घासतो. निर्धास्त असल्याशिवाय ही पाखरं असं करत नाहीत. घरातले दिवे मालवताना तो आवाज आम्ही सगळे थांबून ऐकतो.

नीट सांभाळलं तर ही पाखरं पंधरा-वीस वर्षं जगतात. मी आता बावन्न वर्षांची आहे. माझ्यामागे त्याला सांभाळशील का, हे भाचीला विचारूनच मी राळ्याला आणलं, आणि ती दर रविवारी येऊन बसते, म्हणजे त्याला तिचा आवाज परका राहणार नाही.

आजारी पक्षी आजार लपवतो, कारण थव्यात दुबळं दिसणं म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेत भरणं. पिसं फुलवून बसलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून रोज सकाळी, काही खाण्याआधी, मी त्याचं वजन करते. पीठ मोजायचा छोटा काटा, त्यावर एक काडी बांधलेली, शेजारी वही. पहिले काही आठवडे कणसाचं आमिष दाखवावं लागे. आज मी काटा टेबलावर ठेवून वही शोधायला वळले, आणि परत बघते तर तो काडीवर चढून बसला होता, तुरा अर्धा झुकलेला, मान वाकडी करून माझ्याकडे बघत. शहाऐंशी ग्रॅम.