तंबोरा आणि श्रवणयंत्र

जुळलेल्या तंबोऱ्यापाशी थोडा वेळ शांत बसलं की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येऊ लागतो. तंबोऱ्यावर गांधाराची तार नसते. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, एवढंच छेडलं जातं. तरी तो स्वर उमटतो आणि गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. नव्या शिष्याला तो आधी ऐकू येत नाही. गुरू सांगत राहतात, "लक्ष दे, आलाय बघ." काही महिन्यांनी कधीतरी तो कानाला सापडतो आणि मग हरवत नाही. तंबोरा तोच, तारा त्याच, कानाचा पडदाही तोच. बदल झालेला असतो ऐकणाऱ्याच्या मेंदूत. हा बदल कसा होतो, हा विद्यापीठाने अभ्यासायचा विषय आहे आणि तो आपल्याकडेच अभ्यासला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

यातला तारेचा भाग शंभर वर्षांपासून माहीत आहे. तार मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही देते आणि पाचपट कंपन म्हणजे दोन सप्तकं वरचा गांधार. पण नेहमीच्या नियमाप्रमाणे, ज्या कंपनाच्या स्थिर बिंदूवर तार छेडली ते कंपन उमटायला नको. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं की तंबोरा हा नियम पाळत नाही. घोडीचा रुंद, किंचित गोलसर माथा आणि तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा यांमुळे तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्शते आणि दबायला हवीत ती कंपनंही जागी होतात. या गुंजणाऱ्या नादालाच जवारी म्हणतात. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात, दोरा केसभर पुढेमागे करून ती जागेवर आणतात, आणि हे सारं काम कानावर चालतं.

कानाविषयीही पुष्कळ ठाऊक आहे. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या वेटोळ्यात सुमारे ३५ मिलिमीटरचा एक पडदा असतो. तार सप्तकाचे स्वर त्याच्या सुरुवातीला हालचाल करतात, खर्जाचे टोकाकडे. गेओर्ग फॉन बेकेशी यांना याच संशोधनासाठी १९६१ चं नोबेल मिळालं. तिथल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पण स्वर कोणता, हे कानात पुरतं ठरत नाही. जुन्या टेलिफोनवरून ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही जात नसे. पुरुषाच्या आवाजाचं मूळ कंपन त्याच्याही बरंच खाली असतं. तरी वडिलांचा आवाज आपण वडिलांच्याच पट्टीत ऐकला. तारेवरून न आलेला तो खालचा स्वर वरच्या कंपनांवरून मेंदू भरून काढत होता.

आणि मेंदू शिकतो. २००६ मध्ये क्रिस्टॉफ मिशेल आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वादक आणि संगीत न शिकलेले लोक यांची तुलना केली. स्वरातला बारीक फरक ओळखण्यात वादक सहापटीहून सरस निघाले. मात्र संगीत न शिकलेल्यांकडून चार ते आठ तास नेमका तोच सराव करून घेतल्यावर तेही वादकांच्या पातळीला आले. याचा अर्थ तालमीला महत्त्व नाही असा नाही. 'कान असावा लागतो' असं म्हणून ज्यांना आपण दारातूनच परत पाठवतो, त्यांच्याबाबत आपण घाई करतो, एवढं यातून नक्की निघतं.

सूर नेमका कुठे असतो, या प्रश्नाला हात घालणारे लोक आपल्याकडे होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा प्रमाण धरून तारेवर श्रुती, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा, मोजल्या आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांना मिळाले. श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली आणि वादंग माजला. एक सरकारी अधिकारी, एक गवई आणि एक न्यायाधीश एका तारेवर डोकं घालून बसले होते, या चित्राचं मला फार अप्रूप वाटतं. तसं बसणं पुढे आपण सोडून दिलं.

देवलांचं गृहीतक मात्र टिकलं नाही. श्रुती म्हणजे तारेवरच्या ठरलेल्या बावीस जागा, असं ते धरून चालले. १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी गायक-वादकांची ध्वनिमुद्रणं मोजली, तेव्हा एकाच कलाकाराचा एकच स्वर एकाच रागात थोडा हलताना दिसला. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी पुढे वर्षानुवर्षं रागांचे स्वर-आलेख काढले आणि श्रुती स्थिर मानता येत नाही, याच निष्कर्षाला ते आले. दरबारीचा गांधार एका जागी उभा नसतो, तो आंदोलत असतो. तो योग्य लागला की चुकला, हे आलेख पाहून सांगता येत नाही. ते ऐकणारा ठरवतो. म्हणून प्रश्न तारेवरून उठून मेंदूकडे गेला. विशारदच्या परीक्षेला बसणारी आपली मुलं मात्र अजून ३६ इंची तारेवरची स्वरस्थानं पाठ करतात. ऐकणाऱ्याच्या कानाला त्या मानाने जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते.

ऐकणाऱ्याचा अभ्यास झाला, पण दूर. १९८४ साली मेरी कॅस्टेलानो, जमशेद भरूचा आणि कॅरल क्रुमहान्सल यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले आणि कोणता स्वर कितपत चपखल बसतो ते विचारलं. कोणते स्वर वारंवार येतात, लांबवले जातात, हे दोन्ही गटांनी टिपलं. थाटाची चौकट मात्र भारतीय श्रोत्यांच्याच उत्तरांत दिसली. आपल्या कानात वर्षानुवर्षांच्या ऐकण्याने काय घडतं याचा हा प्रयोगसिद्ध पुरावा. भरूचा मुंबईचे, प्रयोग अमेरिकेतला. माँट्रियलमध्ये इझाबेल पेरेट्झ आणि रॉबर्ट झाटोर यांनी २००५ मध्ये मेंदू, संगीत आणि ध्वनी यांच्यासाठी दोन विद्यापीठांची मिळून प्रयोगशाळा उभी केली. तिथे संगीतकार, श्रवणतज्ज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ एका छताखाली काम करतात.

मुंबईतही असं एकत्र यायला माणसं आहेत. विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, तिथे अशोक दा. रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रीय विचार रुजवला. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून वाणी आणि श्रवणाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ घडतात. आणि मी राहतो त्या नाहूरहून भांडुप, कांजूरमार्ग ही दोन स्टेशनं गेलं की पवईची आयआयटी. तिथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रीती राव यांनी हिंदुस्थानी संगीताच्या संगणकीय विश्लेषणावर काम केलं आणि त्याच विभागात प्रेमचंद पांडे यांनी श्रवणयंत्रांसाठी ध्वनिप्रक्रियेवर. संगीत आणि बहिरेपण एकाच विभागात आले. त्या दोन दारांमधून तंबोरा घेऊन एखादा गवई ये-जा करू लागला तर काय हाती लागेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण गाणाऱ्याला श्रवणयंत्र लागतं तेव्हाची अडचण मी जवळून पाहिली आहे. नाहूर-भांडुप पट्ट्यात कोकणातून आलेल्या माणसांची भजनी मंडळं आजही जोरात आहेत. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात, पेटी, पखवाज, चकी आणि झांजेचा कल्लोळ होतो. आमच्या ओळखीचे एक बुवा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात प्रेसखात्यात आयुष्यभर होते. दिवसा यंत्राचा दणका, रात्री स्पीकरसमोर काळी चारमध्ये बारी. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची एक मान्य मर्यादा आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बुवांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख, ४००० हर्ट्झपाशी खोल खाली गेला आहे, गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. त्यांनी श्रवणयंत्र घेतलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बोलणं कळतं हो आता. नातवंडांचंसुद्धा कळतं. पण पेटी धरली की सूर थरथरतो. भाता थांबवला तरी मागे काहीतरी घोंगावत राहतं. षड्ज माझाच आहे की यंत्राचा, कळत नाही."

बुवांचा कान त्यांना फसवत नव्हता. बोलण्याचा आवाज सेकंदात काही वेळा चढतो-उतरतो. जो आवाज असा चढत-उतरत नाही, सलग राहतो, तो पंख्याचा किंवा एसीचा गोंगाट समजून यंत्र दाबतं. दुसरं, यंत्राचाच आवाज त्याच्या माइकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. ती ओळखण्याची खूण म्हणजे लांबलेला एकच स्वर. तसा स्वर दिसला की यंत्र त्याला मारायला उलटी लहर सोडतं. आता तंबोरा काय आहे? सलग, स्थिर, लांबलेला स्वर. पेटीचा धरलेला षड्ज काय आहे? तेच. आपल्या गाण्याचा जो पाया, त्यालाच यंत्र गोंगाट किंवा बिघाड समजतं. बोलणं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या यंत्राची ही मर्यादा आहे. जगभरचे वादकही तिच्याबद्दल तक्रार करतात. पण ज्या संगीतात अखंड आधारस्वर हाच पाया आहे, तिथे नुकसान सर्वांत मोठं. आणि ते दुरुस्त करण्याची निकड ज्यांना आहे ते लोक इथे राहतात.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. बहिऱ्या मुलांना साधं बोलणं ऐकू यावं यासाठीच इथे पैसा आणि माणसं अपुरी पडतात, तिथे गाण्याचे लाड कशाला? मला हा आक्षेप माणसाबद्दलच्या तोकड्या कल्पनेतून आलेला वाटतो. कॉक्लिअर इम्प्लांट लावलेलं मूल शब्द ओळखायला शिकतं, पण अंतर्कर्णात बसवलेल्या बारा ते बावीस इलेक्ट्रोडांतून चाल नीट पोहोचत नाही. आईची अंगाई त्याला शब्दांपुरतीच मिळते. शिवाय बोलणं आणि गाणं मेंदूत इतकं वेगळं आहे का, हेही ठरायचं आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या निना क्राउस यांनी मांडलं की संगीताच्या तालमीने गोंगाटात बोलणं समजायला मदत होते. नंतरच्या काही अभ्यासांना तसा फायदा दिसला नाही. हा वाद सुटायला वेगवेगळ्या पद्धतीने शिकलेली मुलं तपासावी लागतील. लहानपणापासून तंबोऱ्यासमोर बसलेली मुलं डोंबिवलीत, पुण्यात, मिरजेत आहेत, माँट्रियलमध्ये नाहीत.

माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. संगीत विभागात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाचा ऑडिओग्राम पहिल्या वर्षी काढावा आणि शेवटच्या वर्षी पुन्हा काढावा. श्रवणतज्ज्ञ होणाऱ्या मुलांना तंबोरा जुळवताना एकदा तरी बसवावं. श्रवणयंत्राची चाचणी घेताना शब्दयादीबरोबर षड्ज-पंचमही ऐकवावेत. संशोधनाचे विषय यातूनच निघतील.

आणि ज्या गायक-वादकांना, भजनी बुवांना यंत्र लागलं आहे, त्यांनी तोवर थांबू नये. बऱ्याच डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो. त्यात गोंगाट दाबण्याची सोय बंद आणि शिट्टी मारण्याची सोय सौम्य करता येते. पुढच्या वेळी श्रवणतज्ज्ञाकडे जाताना पेटी सोबत न्या, त्यांच्यासमोर षड्ज धरा आणि तो तुम्हाला सरळ ऐकू येईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.