जिन्यातले देव

माणसाने सुधारावं म्हणून आपल्याकडे पूर्वापार दोनच औषधं चालत आली आहेत. एक उपदेश, दुसरा दंड. पैकी उपदेश कुणी ऐकत नाही आणि दंड कुणी भरत नाही. 'येथे थुंकू नये' ही पाटी तर मी आजवर कोरडी पाहिलेली नाही. थुंकणाऱ्याला नेम धरायला काहीतरी हवं असतं, ते पाटी पुरवते.

हे नेमाचं प्रकरण वाटतं तितकं घरगुती नाही, बरं का! ॲमस्टरडॅमच्या स्किफॉल विमानतळावर 1990 नंतरच्या दशकात पुरुषांच्या मुतारीतल्या भांड्यांत एकेक माशी चितारली. पाटी नाही, दंड नाही, नुसती माशी. ती दिसली की तिच्यावर नेम धरल्यावाचून पुरुषाला राहवत नाही, मग तो बँकेचा अध्यक्ष का असेना. सांडणं आपोआप कमी होतं. असल्या युक्त्यांचं आता रीतसर शास्त्र झालंय. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन या अमेरिकन प्राध्यापकांनी 2008 साली त्यावर 'नज' नावाचं पुस्तक लिहिलं. नज म्हणजे कोपराने हळूच ढोसणं. आपल्याकडे कोपरखळी हा शब्द आयता आहे, पण आपण ती खाल्ली की रुसून बसतो. थेलरसाहेबांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्रिटिश सरकारने तर 2010 सालीच कोपरखळ्या मारण्यासाठी खास माणसं नेमली होती.

आमच्या सोसायटीत हे शास्त्र नोबेलची वाट न पाहता आलं. जिन्याचे कोपरे लालभडक झाले होते. दोनशे रुपये दंडाचा ठराव झाला, पण दंड करायचा तर थुंकताना पकडायला हवं, आणि त्या कामाला कुणी पुढे येईना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी रामबाण उपाय काढला. प्रत्येक कोपऱ्यात देवाची टाइल! गणपती, साईबाबा, येशू, मक्का-मदिना, गुरू नानक. सर्वधर्मसमभाव इतक्या कमी जागेत मी दुसरीकडे कुठेही पाहिला नाही. आठवड्यात जिना लख्ख. पहिल्या मजल्यावरच्या आजी तर चपला हातात घेऊन जिना चढायला लागल्या.

सगळे खूश, मी तेवढा अस्वस्थ. आमची ही म्हणते, "तुम्हाला स्वच्छतासुद्धा सोसत नाही." तसं नाही हो. दंडाचा मला पुळका आहे असंही नाही. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला होता. 2000 साली त्याचा निकाल छापून आला. उशिरा येणारे दंडामुळे वाढले! आधी बाईंसमोर ओशाळं वाटायचं, आता पैसे मोजले की झालं. पुढे दंड उठवला, तरी गेलेली लाज काही परत आली नाही. तेव्हा दंडापेक्षा कोपरखळी बरी, हे मलाही पटतं.

आणि वडाळ्याची गोष्ट ऐकल्यावर तर माझी बोलतीच बंद होते. तिथे 2010च्या सुमारास, रूळ ओलांडणाऱ्यांसाठी काही स्लीपर पिवळे रंगवले. मोठी वस्तू लांबून येताना आहे त्यापेक्षा हळू येतेय असं डोळ्याला भासतं. पट्टे एकेक करून गाडीखाली जाताना दिसले की तिचा खरा वेग कळतो. शिवाय गाडीखाली सापडणार एवढ्यात भयाने किंचाळणाऱ्या माणसाचे फोटो लावले. अपघात घटल्याच्या बातम्याही आल्या. आता भीती घालण्यापूर्वी त्या माणसाची संमती घेतली होती का, असं विचारायला लोकल थांबत नाही.

मग टाइलच का खुपते? चोरून केलेलं काहीच नाही. टाइल कशासाठी आहे हे थुंकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. पण पिवळा पट्टा माणसाला खरं काय ते दाखवतो, त्याच्या जिवासाठी. टाइल त्याची श्रद्धा वापरते, आपल्या भिंतीसाठी. आणि मुख्य म्हणजे, थुंकतो कोण आणि का, हा प्रश्न तिने आम्हाला विचारूच दिला नाही. लिफ्टवर 'सामानवाल्यांनी जिना वापरावा' असं आम्हीच लिहून ठेवलंय. सिलिंडर खांद्यावर घेऊन पाच मजले चढणारा माणूस तोंडातला तोबरा टाकणार कुठे? अख्ख्या इमारतीत त्याच्यासाठी ना नळ, ना कुंडी. वडाळ्यालासुद्धा रंगाचा डबा पुलापेक्षा स्वस्त पडतो, हे कुठल्याही सरकारच्या लक्षात यायला नोबेल लागत नाही.

मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, आईसुद्धा बागुलबुवा दाखवूनच पोराला भरवते!"

म्हटलं, "खरंय मास्तर. पण पोराचं पोट दुखतंय का, ते ती आधी बघते."

मास्तर गप्प झाले. पण ते पटल्यामुळे नव्हे, तर मीटरच्या पेटीकडे लक्ष गेल्यामुळे. तिला अजून कुठला देव नेमलेला नाही आणि जिन्यातला सगळा माल हल्ली तिथे जमा होतो. पुढच्या मिटिंगमध्ये पहिला विषय तोच आहे. कोपऱ्यात नळ बसवावा आणि सामानवाल्यांना लिफ्ट मोकळी करावी, असा अर्ज मीही दिलाय. तो 'आयत्या वेळच्या विषयांत' घेऊ, असं सेक्रेटरी म्हणाले.