पाहण्याचा अधिकार आणि न सांगण्याचा धर्म

सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसते ते पाहिलेले असते की अनुमानाने जाणलेले असते, हा प्रश्न वैद्यकाच्या वर्गात क्वचितच विचारला जातो. मात्र ज्या विद्येत डोळ्यांसमोर चित्र असते आणि त्या चित्राचे कारण प्रकाश नसून ध्वनी असतो, ती विद्या शिकणाऱ्याला आणि तिच्या निदानावर विसंबणाऱ्या समाजालाही हा प्रश्न टाळता येत नाही. भारतीय दर्शनांनी ‘प्रमाणा’चा, म्हणजे यथार्थ ज्ञान मिळवून देणाऱ्या साधनाचा, जो सूक्ष्म विचार केला आहे त्याच्या आधारे या शिक्षणात नेमके काय घडते हे उलगडते. इतकेच नव्हे, तर भारतीय कायद्याने या विद्येवर घातलेले मौनाचे बंधन बाहेरून लादलेले आहे की त्या ज्ञानाच्याच स्वरूपातून निघते, याचाही निर्णय करता येतो.

रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथे पूर्णगडाचा आटोपशीर किल्ला खाडीच्या मुखावर नजर ठेवून उभा आहे. अशा खाड्यांत दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली वावांत मोजण्याची रीत जुनी आहे. आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक नौकांवर तेच काम ‘फिश फाइंडर’ करतो. तो पाण्यात ध्वनीचे ठोके सोडतो आणि तळावरून किंवा माशांच्या थव्यावरून प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. पूर्णगडाहून वीस-पंचवीस किलोमीटरचा प्रवास करून रत्नागिरीला तपासणीसाठी आलेल्या गर्भवतीच्या पोटावर जेल लावून जो प्रोब फिरवला जातो, त्याचे तत्त्व याहून निराळे नाही. काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युतभार निर्माण होतो हे क्यूरी बंधूंनी 1880 साली दाखवले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी त्या गुणाचा उपयोग झाला. आणि ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये पोटातील गाठींच्या ध्वनिपरीक्षणाचा निबंध प्रसिद्ध केल्यावर या विद्येला वैद्यकात स्थान मिळाले. समुद्राचा तळ आणि आईचे उदर या दोन्ही ठिकाणी प्रकाश पोहोचत नाही, म्हणून माणसाने ध्वनीला डोळा केले.

हा डोळा एका गृहीतावर चालतो. शरीराच्या मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला 1540 मीटर वेगाने जातो असे यंत्र धरून चालते. प्रत्यक्षात चरबीत हा वेग कमी असतो आणि हाडात कितीतरी जास्त, तरीही परत आलेल्या प्रत्येक प्रतिध्वनीचे स्थान यंत्र त्याच एका वेगाने ठरवते. म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक बिंदू हा मुळात एक निष्कर्ष आहे. न्यायदर्शनानुसार प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि विषय यांच्या संपर्कातून उपजते. इथे डोळ्याचा संपर्क पडद्याशी आहे, यकृताशी नाही. अनुमानासाठी ‘हेतू’, म्हणजे साध्य सिद्ध करून देणारी खूण, लागतो आणि त्या खुणेचे साध्याशी अव्यभिचारी साहचर्य, म्हणजे ‘व्याप्ती’, आधी ठाऊक असावी लागते. डोंगरावरच्या धुरावरून अग्नी जाणण्याचे उदाहरण त्यासाठी सर्वपरिचित आहे. पित्ताशयातील खडा ध्वनीला पलीकडे जाऊ देत नाही, म्हणून त्याच्यामागे काळी सावली पडते आणि त्या सावलीवरून खडा ओळखला जातो. धुराच्या जागी सावली आली, एवढाच फरक.

पण आतड्यातील वायूसुद्धा सावली पाडतो. ही सावली बहुधा मळकट, धुरकट असते आणि खड्याची स्वच्छ असते, तरी नवशिक्याच्या डोळ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. साध्य नसतानाही आढळणाऱ्या अशा खुणेला नैयायिक ‘सव्यभिचार’ हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण दगा देणारा हेतू, म्हणतात. खड्याची खात्री करण्याचा उपायही तार्किकाला शोभेल असा आहे: रुग्णाला कुशीवर वळवले की खडा घरंगळतो, पित्ताशयाच्या भिंतीला चिकटलेली वाढ मात्र जागची हलत नाही. त्याहून बोधप्रद आहे तो आरशासारखा भास. श्वासपटल ध्वनीला जोरकसपणे परतवते, त्यामुळे यकृतातील गाठ कधी कधी पटलाच्या पलीकडे, फुप्फुसाच्या जागी, दुसऱ्यांदा दिसते. गाठ खरी असते, फक्त ती जिथे दिसते तिथे नसते. शिंपल्यावर भासणारी चांदी जगात खरोखर असते, पण अन्यत्र असते, असे सांगणारा न्यायदर्शनाचा ‘अन्यथाख्याती’ नावाचा भ्रमविचार आहे. त्याला याहून नेमके आधुनिक उदाहरण सापडणे कठीण आहे.

असे असूनही अनुभवी तज्ज्ञ पडद्याकडे पाहताना सावली, व्याप्ती, निष्कर्ष अशा पायऱ्या चढत नाही. त्याला खडा दिसतो. शिक्षणाने नेमके काय साधते हे इथे कळते. नव्य न्यायाने ‘ज्ञानलक्षण’ नावाचे एक अलौकिक प्रत्यक्ष मानले आहे: चंदनाचे खोड दुरून पाहताच ते सुगंधी असल्याचे जाणवते, कारण पूर्वी घेतलेल्या गंधाचे ज्ञान पाहण्यात मिसळते. भर्तृहरी वाक्यपदीयात रत्ने आणि नाणी पारखणाऱ्यांबद्दल आणखी पुढचे सांगतो. त्यांचे ज्ञान केवळ अभ्यासाने येते, ते अनुमानाचे नसते आणि दुसऱ्याला शब्दांनी समजावून देता येत नाही. सोनोग्राफीत हा अभ्यास डोळ्याइतकाच मनगटाचा असतो. क्ष-किरणाचे चित्र एकाने काढावे आणि दुसऱ्याने वाचावे असे होऊ शकते, परंतु इथे प्रोब कोणत्या कोनात झुकवावा आणि किती दाबावा हे ठरवणारा हात जे शोधतो तेच डोळ्याला मिळते, आणि हाताने जे शोधलेच नाही ते पडद्यावर उमटतच नाही. पूर्णगडाजवळच्या पावस येथे नाथ संप्रदायातील स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांनी ज्या सोऽहम् साधनेचा उपदेश केला तिचे लक्ष श्वासाकडे असते, आणि ती पुस्तकातून न घेता गुरूकडून घ्यायची असते. दोन्ही मार्गांची ध्येये फार वेगळी असली, तरी अवधान ही सांगून येणारी गोष्ट नव्हे, ती सवयीने अंगी मुरते, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

मग या पाहण्याचा अधिकारी कोण? वेदान्ताचे ग्रंथ आरंभीच विषय आणि प्रयोजन यांच्या बरोबरीने ‘अधिकारी’, म्हणजे त्या ज्ञानाला पात्र असलेला साधक, सांगतात, आणि ती पात्रता केवळ बुद्धीची नसून संयमाचीही असते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बहुतेक तपासण्या ‘सोनोग्राफर’ म्हणून स्वतंत्र शिक्षण घेतलेली, डॉक्टर नसलेली माणसे करतात. भारतात मात्र गर्भवतीची सोनोग्राफी करण्याचा अधिकार कायद्याने डॉक्टरांपुरताच ठेवला आहे: क्ष-किरणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीधर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि विहित प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर. या शेवटच्या गटासाठी 2014 च्या नियमांनी सहा महिन्यांचे, 300 तासांचे प्रशिक्षण, नोंदवही आणि परीक्षा ठरवून दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 साली हे नियम रद्द ठरवले आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. एका तपासणीच्या अधिकाराबद्दल देशाने इतका वाद घालावा, याचे कारण त्या तपासणीत दिसणाऱ्या एकाच गोष्टीत आहे.

ती गोष्ट म्हणजे गर्भाचे लिंग. या संदर्भात देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 साली संमत होऊन 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला आणि 2003 साली अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास तो मनाई करतो, आणि पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करतो. ‘अन्य कोणत्याही प्रकारे’ हे शब्द मराठी समाजाला विशेष लागू पडतात. डोहाळेजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उचलायला लावून पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी असा कौतुकाचा खेळ घरोघरी खेळला जातो, आणि तपासणीच्या खोलीबाहेर त्याच दोन शब्दांतून निरोप पोहोचवणे अगदी सोपे असते. सोळा संस्कारांतला पुंसवन विधी पुत्रप्राप्तीसाठीच सांगितलेला आहे, हेही मान्य केले पाहिजे. ज्या धर्मपरंपरेने गर्भातल्या प्रल्हादाला नारदाचा उपदेश ऐकवला, गर्भाला ऐकणारा जीव मानले, तिनेच त्या जिवाचे मोल लिंगावरून ठरवण्यालाही वाट करून दिली. हा अंतर्विरोध झाकून धर्माचा गौरव करता येणार नाही.

या मौनावर एक गंभीर आक्षेप येतो: डॉक्टरला जे ठाऊक आहे ते ज्याच्या घरचे आहे त्यालाच न सांगणे हा सत्याचा अपलाप नव्हे काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1797 च्या एका निबंधात, दारात आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये, असे म्हटले होते. महाभारताचे कर्णपर्व याच पेचाचे निराळे उत्तर देते. गावाजवळ, नद्यांच्या संगमापाशी राहणाऱ्या कौशिक नावाच्या तपस्व्याने सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारताच त्याने सांगून टाकला, ती माणसे मारली गेली, आणि सत्यवादी असूनही कौशिक नरकात गेला. ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो ती खोटे बोलण्याचा परवाना म्हणून नव्हे. शब्द ज्याच्या हाती पडणार आहे त्याचा हेतू न पाहता उच्चारलेले सत्य धर्म ठरत नाही, हे तिचे मर्म आहे. शिवाय सोनोग्राफी करणारा खोटे सांगत नाही, तो एका प्रश्नापुरता गप्प राहतो, आणि गप्प राहणार असल्याचे दाराबाहेरच्या फलकावर आधीच जाहीर करतो. म्हणून कांटच्या कठोर कसोटीवरही या मौनाला असत्य म्हणता येत नाही.

पूर्णगडाच्या नदीचे नावही याच विचाराकडे नेते. भागवतातील मुचकुंद राजा गुहेत झोपलेला असतो. त्याला जागे करणाऱ्या कालयवनावर त्याची पहिली दृष्टी पडते आणि कालयवन भस्म होतो. मुचकुंदीच्या उगमाकडे माचाळच्या डोंगरात लोक आजही मुचकुंद ऋषीची गुहा दाखवतात. राजाच्या मनात कोणाचा द्वेष नव्हता, त्याने फक्त पाहिले. सोनोग्राफीच्या यंत्रामागे बसलेल्या माणसाचीही हीच स्थिती असते: त्याच्या मनात काहीही नसले तरी त्याच्या दृष्टीचा परिणाम होतो. म्हणूनच संयम हा पाहण्याच्या शिक्षणानंतर शिकवायचा धडा नसून त्या शिक्षणाचाच अर्धा भाग आहे.

तरीही या मौनाची किंमत कोण मोजते, हे पाहिले पाहिजे. जन्माच्या वेळी निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली असतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे हे प्रमाण 894 होते, आणि 2001 साली ते 913 होते. 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया नोंदल्या गेल्या, पण हा आकडा मुलींच्या स्वागताचा पुरावा मानणे चूक आहे. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांमुळे तो फुगतो. ज्यांचे पुरुष दूर आहेत अशा गावांतील गर्भवतींना सोनोग्राफीची गरज लिंगाच्या कुतूहलासाठी नसते, वार खाली सरकली आहे का आणि बाळ आडवे आहे का हे वेळेत कळण्यासाठी असते. गैरवापराच्या धास्तीने यंत्रे नोंदणीकृत जागेला बांधली गेली, फिरत्या यंत्रांवर निर्बंध आले, आणि परिचारिकेला प्राथमिक तपासणी शिकवण्याची वाटही अडली. लिंगनिवड ज्यांनी पैसे मोजून करून घेतली त्यांच्या पापाचा भार असा खाडीकाठच्या बाईवर पडतो. हा कायदा आवश्यक आहे; परंतु त्याचा हा परिणाम न्याय्य नाही.

आणि एका गोष्टीवर मौन असल्याने बाकी सर्व गोष्टींवर बोलण्याचे कर्तव्य दुप्पट होते. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या तपासणीत बाळाच्या मेंदूत, मणक्यात किंवा हृदयात गंभीर व्यंग आढळले, तर ते त्या स्त्रीला तिच्या बोलीत, पुरेसा वेळ देऊन सांगावे लागते, कारण 2021 च्या सुधारित गर्भपात कायद्याने अशा प्रसंगी वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोविसाव्या आठवड्यानंतरही निर्णयाची वाट मोकळी ठेवली आहे आणि तो निर्णय तिचा आहे. प्रत्यक्षात कायद्याच्या भीतीने सगळ्याच बाबतींत तोंड मिटून घेण्याची सवय लागते. बाई उठते, पोट पुसते आणि हाती आलेला इंग्रजी कागद कोणाकडून वाचून घ्यावा याचा विचार करत एसटीची वाट पाहते. प्रशिक्षणाच्या नोंदवहीत किती तपासण्या केल्या याची नोंद असते. त्यातील किती स्त्रियांना आपल्या पोटात काय दिसले हे मराठीत सांगितले गेले, त्याचाही एक रकाना त्या वहीत असायला हवा, आणि तो भरल्याशिवाय कोणालाही या पाहण्याचा अधिकार देऊ नये.