एल्फिन्स्टनचा शब्द

११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यात एक जाहीरनामा निघाला. आदल्याच दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती आला होता. वतने, इनामे, वर्षासने चालू राहतील. कुणाच्या धर्माला धक्का लागणार नाही. मक्त्याने वसूल करण्याची पद्धत बंद होईल. छत्रपतींना त्यांचे छोटेसे राज्य मिळेल, असे त्यात लिहिले होते. बाजीरावाच्या अखेरच्या वर्षांत मक्तेदारांनी पिळून काढलेल्या रयतेला आणखी काय हवे होते? हा शब्द देणारा होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आणि तो देताना त्याचा हेतू प्रामाणिक होता, असे मला वाटते.

एका स्कॉटिश सरदाराचा हा धाकटा मुलगा. जन्म १७७९चा. सोळाव्या वर्षी तो कलकत्त्याला आला, १८०१ साली पुण्याच्या रेसिडेन्सीत सहायक झाला, असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता. नागपूरला रेसिडेंट, मग पेशावरला शाह शुजाकडे वकील. १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला आणि पेशवाईच्या शेवटाचा सूत्रधार ठरला. गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरात खून झाल्यावर त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात द्या, हा हट्ट त्याचाच. खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा त्याचा बंगला ग्रंथसंग्रहासकट जळाला. मुलूख हाती आल्यावर पुण्यात कट उघडकीस आला, तेव्हा म्होरक्यांना त्याने तोफेच्या तोंडी दिले. ‘भला साहेब’ म्हणून त्याची आठवण काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पण त्याची खरी कसोटी लागली ती लढाया संपल्यावर. जिंकलेल्या मुलखाविषयीचा त्याचा १८१९चा अहवाल आजही वाचावा असा आहे. मराठी कारभाराचे दोष त्यात झाकलेले नाहीत. तरीही त्याने लिहिले की, हा मुलूख भरभराटीत होता आणि कंपनीच्या अधिक नेटक्या राज्यातही न हटलेली काही दुखणी इथे नव्हती. कारण लोकांकडे न्याय मिळवण्याची स्वतःची साधने होती. त्यांतले मोठे साधन पंचायत. ते टिकवायचे, पाटलाचा अधिकार राखायचा आणि बंगालसारख्या अदालती इथे घाईने आणायच्या नाहीत, असे त्याचे मत होते.

पंचायत ठेवली गेली, पण तिचा जीव गेला. जुन्या व्यवस्थेत सावकार ऋणकोच्या दारात तगादा लावून बसे, धरणे धरी, त्याचे जेवणखाण अडवी. टेकीला आलेला ऋणको पंचांपुढे यायला कबूल होई. दोघांकडून निकाल मान्य करण्याचा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, घेतला जाई, जामीन घेतले जात. पंच म्हणून बसणे हा मान होता, आणि निकालामागे अंमलदाराचा दाब होता. इंग्रजी अंमलात असला तगादा खपणारा नव्हता, आणि निकाल फिरवणारा साहेब वर बसलेला होता. पंच टाळाटाळ करू लागले, वादी अदालतीची वाट धरू लागले. एल्फिन्स्टनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८२७च्या कायदेसंहितेनंतर पंचायत उरली ती लवादापुरती. गावाची सत्ता काढून घेऊन गावचा न्याय ठेवता येत नाही, हे इतक्या तीक्ष्ण नजरेच्या माणसाला दिसले नसेल, असे मला वाटत नाही. पण जिंकणाऱ्याच्या खुर्चीवरून त्याला यापलीकडे काही करता येण्याजोगे नव्हते.

शिक्षणाचे तसे झाले नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात त्याने पाठशाळा काढली. मुंबईचा गव्हर्नर म्हणून मराठी पाठ्यपुस्तकांना पैसा दिला. त्याच्या तंबूत मराठी पुस्तकांचा ढीग पाहून जनरल ब्रिग्जने विचारले, तेव्हा हा आपला परतीचा रस्ता आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. १८२७ मध्ये तो निघाला, तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाच्या अध्यापकपदांसाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेत बाळशास्त्री जांभेकर शिकवू लागले. दादाभाई आणि रानडे तिथेच शिकले. जुने जपण्याची त्याची धडपड वाया गेली आणि त्याने लावलेले नवे तेवढे रुजले.

गव्हर्नर जनरलचे पद त्याने पुढे दोनदा नाकारले आणि इंग्लंडात राहून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तिथेच त्याला आपला शब्द मोडलेला पाहावा लागला. ज्या प्रतापसिंहांना त्याने गादीवर बसवले, त्यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले गेले. रंगो बापूजी त्यांची दाद मागत वर्षानुवर्षे लंडनमध्ये थांबले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी बसवलेले छत्रपती निपुत्रिक वारले आणि डलहौसीने सातारा खालसा केला. वृद्ध एल्फिन्स्टनने खासगी पत्रातून तीव्र दुःख व्यक्त केले. त्याने काही बदलले नाही. जाहीरनाम्यातल्या शब्दाची दाद लागेल असे न्यायासन रयतेला कधी दिलेच नव्हते. तो शब्द पाळणे साहेबाच्या मर्जीवर होते, आणि साहेब बदलत होते. म्हणून एल्फिन्स्टनच्या चांगुलपणाला मी मान देतो, पण त्या राज्याच्या बाजूने पुरावा म्हणून तो स्वीकारत नाही.

१८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि दख्खनमधली इनामे सनदा तपासून जप्त होऊ लागली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या गव्हर्नरपदावर जो लॉर्ड एल्फिन्स्टन आला, तो माउंटस्टुअर्टचा सख्खा पुतण्या. कमिशनचे काम त्याच्याही कारकिर्दीत चालू राहिले.