वरून ओतलेलं पाणी

पानशेत धरणाच्या फुगवट्याकाठी, वेल्हे तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला आजीच म्हणे. पाण्याच्या बाबतीत फार कडक. घडवंचीवरचा तांब्याचा हंडा रोज चिंचेने घासलेला, शेजारी माठ, त्याच्या तोंडावर दुपदरी फडकं. घरच्यांखेरीज कुणाचा हात त्याला लागता कामा नये. भातलावणीला डोंगरावरच्या कातकरवाडीतली एक बाई यायची. तिला तहान लागली की ती पडवीखाली ओंजळ धरून उभी राही आणि आजी वरून धार धरी. तांब्या नि ओंजळ यांत वीतभर अंतर राखून.

२०२५च्या आषाढात नातवाला जुलाब लागले. मग सुनेला. आठवड्याने पुन्हा नातवाला.

"पाण्याचं नाव काढू नका," आजीने आधीच बजावलं. "अख्खं पुणं आपल्या धरणाचं पाणी पितंय."

"आत्या, जानेवारीत सिंहगड रोडला ती जीबीएसची साथ आली, तेव्हा पाण्याचंच..." सून म्हणू लागली.

"ते शहराचं झालं!"

आशाताई आल्या. पोराला ओआरएस सुरू केलं आणि पिशवीतून जीवाणू तपासायच्या तीन बाटल्या काढल्या. पाणी भरून उबेला ठेवायचं. काळं पडलं तर त्यात घाण मिसळली आहे असं धरायचं. एक बाटली नळाखाली भरली, दुसरी आजीच्या माठातून. तिसरी उरली, ती कातकरवाडीच्या बाईच्या कॅनमधून. तिचं पाणी झऱ्याचं, म्हणजे खरं तर सगळ्यांत बेभरवशाचं. पण ती ते गाळून अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये भरी, जंतू मारणाऱ्या मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबे आणि प्यायचं तेव्हा कॅन कलता करी. त्या तोंडातून हात आत जायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीशेजारच्या फळीवर दोन बाटल्या होत्या तशाच होत्या. माठाची शाईसारखी काळी.

"बाटलीच नासकी," आजी म्हणाली. "दुसरी आणा. मी भरते."

दुसरीही काळी पडली.

ताईंनी वाद घातला नाही. "आजी, घोटभर पाणी द्या," एवढंच म्हणाल्या. आजी गोठ्यातून नुकतीच आली होती. तिने हात पदराला पुसले, फडकं दूर केलं आणि तांब्या माठात बुडवला. पाणी खाली गेलेलं, त्यामुळे मनगटापर्यंत हात आत. नखांच्या कडेला शेणाची हिरवट रेघ होती, ती सुनेने पाहिली. ताईंनीही पाहिली. मग आजीने पाहिली.

"नळाचं पाणी चांगलं आहे, आजी. टाकीत टीसीएल पडतंय, जंतू मारायची पावडर. घरात आल्यावर बिघडतंय."

"मग हंड्यातलं देते. तांब्यात जंतू मरतात ना?"

"मरतात, पण त्याला रात्रभर वेळ लागतो. तुमच्या हंड्यात तर दर तासाला नवी बोटं बुडतात."

आता गंमत बघा. हात न लावता वरून ओतून द्यायचं, हीच पिण्याच्या पाण्याची बिनचूक रीत. आजीला ती पाठ होती. फक्त ज्या बाईला हलकं लेखलं, तिच्यापुरती तिने ती राखून ठेवली आणि ज्या नातवावर जीव टाकला, त्याला हात बुडवून पाजलं. सोवळ्याचा सारा पहारा दारावर. चोर घरातच, तोही घरच्याच हातांचा.

आजी रात्रभर कुणाशी बोलली नाही. सकाळी लेकाला म्हणाली, "वेल्ह्याला जाशील तेव्हा तोटीचं पिंप घेऊन ये. झाकण घट्ट बसणारं बघ. आणि माळ्यावर सासूबाईंचं लांब दांड्याचं ओगराळं आहे, ते काढ. पिंप येईस्तोवर त्यानेच पाणी काढायचं. कुणी तांब्या बुडवला तर मी हात मोडीन."

पिंप आलं. दुपारी कातकरवाडीची बाई सवयीने पडवीखाली ओंजळ धरून उभी राहिली.

"वर ये," आजी म्हणाली. "तोटी आहे. तूच घे."

बाई पायरी चढली, चिखलाचे हात बघून थबकली.

"आजी, आधी साबण कुठंय ते सांगा."

घरात साबण फक्त न्हाणीत होता. आजीच उठली आणि घेऊन आली.